फळ्यावरची खालची ओळ

मल्लेश्वरमच्या आमच्या मराठी वाचनालयातले अण्णा रोज सकाळी दारातल्या फळ्यावर दिनविशेष लिहितात. आज कोण थोर माणूस जन्मला, कुठला पूल खुला झाला. मध्येच कुणी बोललं, तर मागे न बघता कानडी वळणाने "स्वल्प थांबा" म्हणतात.

सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात, कधीकधी एखाद्या जुन्या वाचकाचा वाढदिवस असतो: 'खिडकीपाशी बसणारे इंजिनियर. मुलीकडे नागपूरला गेले.' शहर सोडून गेलेल्यांनाच ही ओळ मिळते.

"त्यांना कुठे दिसणार हे?" मी एकदा विचारलं.

"आपल्याला दिसतं की."

काल पुस्तकं परत करताना मी सांगितलं, कायमची पुण्याला चालले. अण्णांनी हातावरचा खडू झटकून वही उघडली.

"अक्का, तुमची जन्मतारीख?"