कापायला न भिणारी मावशी

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होते. तिचा मुलगा समीर एवढंच म्हणाला, "आई गेली. झोपेतच." मी "येते" म्हणाले आणि ड्रायव्हरला पुढच्या सिग्नलला थांबायला सांगितलं. कोथरूडकडे परत जायला रिक्षा मिळेपर्यंत वीसेक मिनिटं गेली. त्या वेळात मला रडू आलं नाही. कुमुदमावशीच्या बाबतीत माझं रडणं काय किंवा रागावणं काय, नेहमीच थोडं उशिरा आणि भलत्या जागी व्हायचं.

ती माझ्या आईची धाकटी बहीण. रेडिओ जोडायच्या एका कारखान्यात तिने वीस वर्षं काढली. मग बाजार खुला झाला, दुकानांत परदेशी टेप आणि टीव्ही दिसायला लागले आणि कारखान्याने सगळ्या बायकांना स्वेच्छानिवृत्तीचे कागद वाटले. "यात स्वेच्छा कोणाची, ते लिहिलेलं नाही," एवढं म्हणून मावशीने सही केली. काका आधीच गेलेले, समीर कॉलेजात. घरी आल्यावर तिने कारखान्यातले दोन्ही निळे एप्रन धुतले, इस्त्री केले आणि कापले. ते एप्रन आणि एक पिवळी उरलेली पट्टी यांतून जेवणाच्या टेबलावरचं कापड तयार झालं. कोपऱ्यांना तिने लाल बटणांची फुलं लावली होती. आई म्हणाली, "अगं, नोकरीची आठवण म्हणून एक तरी ठेवायचास." मावशी म्हणाली, "ठेवलाय की. रोज समोर असतो."

तिथून ते सुरू झालं. कोथरूडमधल्या आमच्या ओळखीच्या घरांतली मुलं तेव्हा एकेक करून अमेरिकेला जात होती आणि मागे भरलेली कपाटं राहत होती. बायका तिच्याकडे मुलांचे शाळेचे शर्ट, सासूबाईंची लुगडी, लग्नातले शालू घेऊन यायच्या. ती त्यांतून पडदे, अभ्रे, मिक्सरची कव्हरं, गरम भांडी उचलायचे जाड हातमोजे शिवायची. रंग सगळे भडक, किनारी उलट्या रंगाच्या. कापड कोणाचं, ते ती आधी विचारायची. सांगणारी बाई फार वेळ बोलायला लागली की म्हणायची, "थोडक्यात सांगा, मला मापं घ्यायचीत." गोधडी मात्र तिने कोणालाही शिवून दिली नाही. "गोधडी घेऊन माणूस आठवणी काढत पडून राहतं," ती म्हणायची. "मला स्वयंपाकघरात लागेल असं काहीतरी सांगा."

आई गेली तेव्हा मला नोकरीला लागून सात-आठ वर्षं झाली होती. घरात बाबा आणि मी. आईचं कपाट मी बंद करून ठेवलं, किल्ली मात्र कपाटालाच. बाबा रोज दुपारी ते उघडून समोर खुर्ची घेऊन बसतात, हे मला शेजारणीकडून कळलं. ते जेवत कमी, बोलत त्याहून कमी. स्वयंपाकघरात तर पाऊलही टाकत नव्हते. आई ओट्याशीच पडली होती आणि त्या वेळी घरात फक्त ते होते. मावशीने मला दोनदा विचारलं, "ताईच्या साड्यांचं काय करायचं?" दोन्ही वेळा मी विषय बदलला.

एका संध्याकाळी ऑफिसातून आले तर स्वयंपाकघराच्या खिडकीला नवे पडदे. पिवळी सुती साडी, बारीक हिरवी बुट्टी... आई ती घरात नेसायची. खाली केशरी झालर. मावशी स्टुलावर उभी राहून शेवटची कडी अडकवत होती.

"विचारायचं तरी होतंस," मी म्हणाले.

"विचारलं."

"मला नाही विचारलं."

"तुला दोनदा विचारून झालं. मग ज्याची बायको होती, त्याला विचारलं." ती स्टुलावरून उतरली आणि स्टूल जागेवर ठेवलं. "भाऊजींनी स्वतः काढून दिली साडी."

मी तिला जायला सांगितलं. ते शब्द मी इथे लिहीत नाही. बाबा बाहेरच्या खोलीत होते, त्यांना सगळं ऐकू गेलं असणार. मावशीने टेप, टाचण्या पिशवीत भरल्या आणि गेली. त्यानंतर आठ महिने आम्ही एकमेकींशी बोललो नाही. समीरच्या साखरपुड्यातही मी तिच्यापासून चार खुर्च्या लांब बसले.

त्या आठ महिन्यांत घरात काय झालं, ते सांगायला हवं. पडदे लागल्यावर चार-पाच दिवसांनी बाबा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. मग एका रविवारी मी उठले तर ते ओट्याशी उभे राहून चहा करत होते. चहा फार गोड झाला होता. मग ते खिचडी शिकले, मग पोहे. पडद्याला हळद लागली ती त्यांच्याच हातून, आणि तो धुतलाही त्यांनीच. मी हे सगळं पाहत होते आणि तरीही फोन करत नव्हते. चूक कळणं आणि फोन करणं यांत माझ्या बाबतीत बरंच अंतर असतं.

शेवटी मी मावशीच्या घरी गेले. दार उघडून तिने मला आपादमस्तक पाहिलं आणि टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. "धर. एकटीला हे माप घेता येत नाही." मी माफी मागितली नाही, तिनेही मागितली नाही. पुढे तिची नजर अधू झाली तेव्हा दर रविवारी जाऊन मी तिच्या आठवडाभराच्या सुया ओवून ठेवायचे. शिवायला मात्र कधी बसले नाही. तिने सांगितलंही नाही.

मावशीचं दिवसकार्य झाल्यावर समीरने मला मशीनच्या खोलीत नेलं. अर्धवट राहिलेली कामं होती, ज्याची त्याला परत करायची होती. मी एकेकाला फोन केले. बहुतेकांनी हळहळ व्यक्त करून कापड नेलं. शेवटी निखिल नावाचा एक तरुण आला. मूळचा यवतमाळचा, हिंजवडीत नोकरी, तिथेच फ्लॅट.

"काकू गेल्या, मला माहीतच नव्हतं जी," तो दारातच म्हणाला.

त्याच्या कामाची पिशवी मी टेबलावर रिकामी केली. त्याची आई गावाकडे शाळेत शिक्षिका होती. निवृत्त होऊन मुलाकडे आली आणि त्या उंच इमारतीत तिला करमेना. वर्गात नेसायच्या तिच्या साड्यांतून जेवणाच्या खुर्च्यांच्या सहा गाद्यांची कव्हरं करायची होती. चार झाली होती. दोन साड्यांवर मावशीने खडूने खुणा केल्या होत्या, कापायच्या राहिल्या होत्या.

"ही चार न्या, आणि या दोन साड्या," मी म्हणाले. "अजून कापलेल्या नाहीत, बरं झालं."

त्याने चार कव्हरं मोजली. "खुर्च्या सहा आहेत," तो म्हणाला. "आईने शेजारच्या बायकांना जेवायला बोलावलंय. इथे आल्यापासून पहिल्यांदाच... तुम्ही नाही का करून देणार?"

मला येत नाही, हे मी त्याला सांगितलं. त्याला ते खरं वाटलं नसावं, कारण मी मशीनसमोरच्या खुर्चीत बसले होते. कातर हाताशीच होती. साडी जांभळी होती, पदराला शाईचा एक जुना डाग. मी खडूच्या रेघेवर कातर ठेवली आणि तिथे मला रडू आलं. निखिल खिडकीतून बाहेर बघायला लागला. थोड्या वेळाने मी डोळे पुसले आणि कापलं.

दोन कव्हरांना मला तीन रविवार लागले. एकाची चेन वाकडी बसली. निखिलच्या आईचा फोन आला, आवाज शिक्षिकेचाच. "चेन उसवून पुन्हा लावून देता का? या रविवारी मीच घेऊन येते."

मी "या" म्हणाले.