कपाशीचा कर्फ्यू

लॅबमधले किस्से कोणी जपून ठेवत नाही. न धुतलेल्या चहाच्या कपांसारखे ते आपोआप साठत जातात. आमच्या अकोल्याच्या लॅबमध्ये तर रिझल्टपेक्षा किस्सेच जास्त निघायचे! पण जे रिझल्ट निघाले ना, ते भल्ले भारी निघाले. काढले पातूरच्या शबानानं. पीएचडी तिची, मी तिची ज्युनिअर. आमचे सर जूनमध्ये रिटायर होणार होते. त्याआधी तिचा व्हायव्हा झाला नाही, तर नवा गाईड, नवा विषय, सगळी मेहनत पाण्यात!

*

पातूरला तिच्या चाचांचं टेलरिंगचं दुकान. एकदा त्यांनी विचारलं, "बेटा, तू नेमकं काय शिकून राहिली?"

"कपाशीले लय ऊन लागलं का ते काय करते, ते."

"वाळते! त्याच्यासाठी कॉलेज कायले पाह्यजे?"

"वाळायच्या आधी, चाचा! झाडात रोज प्रथिनं बनतात. कोणतं बनवायचं त्याची ऑर्डर एमआरएनए आणते. ऊन चढलं का रोजच्या ऑर्डरी बाजूले पडतात. जीव वाचवणारी प्रथिनं तेवढी बनत राह्यतात."

चाचांनी मशीन थांबवली. "म्हंजे कर्फ्यूच म्हण ना! दूध-दवाई चालू, बाकी शटर डाउन!"

सरांनी पुढं वर्गात हीच व्याख्या शिकवली, चाचांचं नाव घेऊन!

*

लोडशेडिंग रोजचंच. फ्रीज बंद, आणि त्यातला रोपांतून काढलेला आरएनए गरम झाला की खलास! मग आम्ही थर्माकोलचा डबा घेऊन गेटसमोरच्या रसवंतीवर बर्फासाठी पळायचो. रसवंतीवाले भाऊ आधी कुरकुरायचे. पण एका दुपारी ताटकळलेल्या गिऱ्हाइकावर तेच खेकसले, "थांबा जी! पह्यले सायन्सले बर्फ, मंग तुमाले रस!"

*

तेव्हा वऱ्हाडात शेतीची हालत पाहायला पथकावर पथक यायचं. एक मोठे साहेब लॅबमध्येही आले. कौतुकानं त्यांनी शबानाच्या ट्यूबकडं हात नेला.

"हात नका लावू!" शबाना ओरडली. बोटाच्या घामानंही आरएनए खराब होतो ना!

साहेबांचा चेहराच उतरला. सर घाईघाईनं म्हणाले, "मनावर घेऊ नका, साहेब. मी गाईड आहो तिचा, मले तं ती टेबलाजवळ बी उभं राहू देत नाही!"

*

आणि व्हायव्हा. भर मे महिना, लाइट गेलेली. परीक्षक पुण्याचे. प्रबंधातला प्रथिनांचा फोटो पाहून म्हणाले, "तुलनेसाठी ठेवलेल्या कंट्रोलच्या रोपांना उष्णता दिलेलीच नाही. मग त्यांच्यात ही उष्णतेची प्रथिनं कशी?"

"ती बाहेर, जाळीखाली वाढवली, सर. अकोल्याच्या उन्हात."

"म्हणजे कंट्रोल बिघडलं. प्रयोग परत करा!"

सर खाली पाहू लागले. मी जूनपर्यंतचे दिवस बोटांवर मोजले. शबाना मात्र शांत.

"पुढचं पान पाहा, सर. थंड खोलीत वाढवलेली रोपंही होती. दोन्ही सोबतच अठ्ठेचाळीस डिग्रीत ठेवली. थंड खोलीतली मेली. जाळीखालची जगली, उन्हाची आधीच सवय झालेली. आता तुमीच सांगा, बिघडलेली कोणती?"

परीक्षकांनी घाम पुसला. दोन्ही पानं पुन्हा पुन्हा पाहिली. मग पेन काढून पासच्या रिपोर्टवर सही केली आणि म्हणाले, "ती जगलेली रोपं मला पाहायचीत. आत्ता!"

"चला ना, सर," शबाना म्हणाली. "पण दुपट्टा बांधा डोक्याले!"