नापासांच्या ओट्यावर

इंग्रज गेले, शाळेचं छप्पर बदललं, मी पेन्शनीत निघालो. किस्से मात्र वाढतच चाललेत. एक सांगायला बसावं तर दुसरा रांग मोडून पुढे येतो.

खानदेशात, पारोळ्याजवळच्या आमच्या शाळेत आम्ही तिघे मास्तर. मी, पुण्याकडून आलेले देशपांडे गुरुजी आणि हेडमास्तर नाना. नानांचा दंडक एकच: मूल मागे पडलं तर चिठ्ठी पाठवायची नाही, मास्तरानं स्वतः घरी जायचं.

माझी पहिली फेरी भिका आबांकडे. मी जड आवाजात सांगितलं, “आबा, मुलाला गणितात शंभरात अकरा मार्क पडले.”

आबांचा चेहरा उजळला. “अकरा मार्क शेत? मी ते कधी शायमा गऊच नही.” शाळेची पायरी न चढलेल्या आबांना अकराही पुष्कळ वाटले. आत वळून म्हणाले, “गुरुजीसले शेंगा द्या.”

शेंगा खाऊन परत आलो.

देशपांडे गुरुजींची भाषा एकदम शुद्ध. एका मुलीच्या आईला ते म्हणाले, “बाई, आपली कन्या अभ्यासात मंद आहे.”

“अभ्यासमा बी मंदा, घरमा बी मंदा,” ती माउली हसून म्हणाली. “नाव मीच ठेवं.”

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर मंदाला तासभर जवळ बसवून गुरुजी शिकवू लागले. वर्षअखेर ती पास झाली.

एक मुलगा माझ्या इतिहासाच्या तासाला रोज झोपायचा. मी वडिलांकडे तक्रार केली. ते लगेच दुसऱ्या दिवशी शाळेत आले आणि मागच्या भिंतीला टेकून बसले. तास संपला तेव्हा मुलगा त्यांना हलवून उठवत होता.

“पोरना दोष नही, गुरुजी,” ते डोळे चोळत म्हणाले. “माले बी झोप लागनी.”

त्यानंतर मी सनावळ्या कमी केल्या आणि गोष्टी वाढवल्या.

आणि मग ती सहामाही. माझ्या वर्गात नानांचाच मुलगा वसंता गणितात नापास झाला. हेडमास्तरांना काय सांगणार? दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी नानाच म्हणाले, “माझ्या घराचा रस्ता माहीत नाही का तुम्हाला?”

संध्याकाळी गेलो. इतर पालक बसतात तसे नाना हात जोडून समोर बसले. मी कसाबसा नेहमीचा प्रश्न विचारला, “घरी अभ्यास कोण घेतं?”

आतून नानांच्या पत्नी, अक्का, म्हणाल्या, “कोणीच नाही. ह्यांचा सगळा वेळ गावच्या पोरांमागे जातो.”

वसंता दाराआड उभा होता. नानांनी हाक मारली तसा तो अंग चोरत आला. त्यांनी त्याला जवळ बसवलं, पाठीवर हात ठेवला.

मी भेटीची वही काढली. तीत एक रकाना असे: पालक साक्षर की निरक्षर. तो तसाच सोडून मी पुढे लिहू लागलो.

नानांनी त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

“हे राहिलं, मास्तर. निरक्षर लिहा.”