हेडलाइटवरचं कुंकू

गड्यांनो, पत्राला उशीर झाला, रागावू नका.

आज सकाळी आमच्या विलासनं माझी लाल मोटरसायकल बदलायला गारगोटीचं गिऱ्हाईक आणलं. त्या गिऱ्हाइकाची सहा गिअरची गाडी वाऱ्यासारखी पळते, हे खरं.

"पावणं, गाडी पुसत न्हाय व्हय?" म्हणत गिऱ्हाइकानं फडक्यानं माझ्या गाडीचा हेडलाइट घासला.

गेल्या दसऱ्याला माझ्या कुटुंबानं, विलासच्या आईनं, तिथं कुंकू लावलं होतं. माघात ती गेली. नंतर मी गाडी धुतली, पण दिव्याला हात लावला नाही.

माझा चेहरा बघून विलास म्हणाला, "आबा, चकचकीत तर झालाय की!" पोराला काय सांगू?

आता ठेवू कशासाठी, आणि देऊ तरी कशी? गिऱ्हाईक रविवारी उत्तर मागायला येणार. त्याआधी दोन ओळी धाडा.