घरचा महिना, गल्लीचा महिना

दिनकरकाकांवर मी लिहावं एवढा माझा अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. दुर्गाघाटाच्या आसपासच्या कितीतरी मुलांना त्यांनी इंटर कॉलेजात गणित शिकवलं. त्यातले काही आज मोठ्या जागांवर आहेत आणि त्यांचं मराठीही माझ्यापेक्षा चांगलं असेल. मी काकांच्या वर्गात कधी बसलो नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि शिक्षण सगळं हिंदीत, त्यामुळे कुठे अडखळलो तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण शेवटच्या दीडेक वर्षात काकांच्या त्या जुन्या कॉम्प्युटरपाशी त्यांच्याखालोखाल कोणी बसलं असेल तर तो मी… आणि कॉम्प्युटर वगळून काकांबद्दल कसं लिहावं, ते मला सुचत नाही.

माझी आजी आमच्या गावी, पाचोऱ्याजवळ, वारली तेव्हा आम्ही बनारसला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये होतो. वडील गाड्यांचे फिटर. वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा लक्षात आलं की आम्हाला फक्त इंग्रजी तारीख ठाऊक आहे, तीही वडिलांनी त्या दिवशी रजा टाकली होती म्हणून. तिथी कोणीच लक्षात ठेवली नव्हती. वडिलांना कोणीतरी सांगितलं, दुर्गाघाटावर एक मास्टरसाहेब आहेत, ते मशीनवर तिथी काढून देतात. वडिलांनी मला पाठवलं. गल्लीत पत्ता विचारला तर पानवाला म्हणाला, "मास्टर साहब? ऊपर चले जाओ, जहाँ से टिक-टिक की आवाज आए."

ती टिकटिक प्रिंटरची होती. खोलीत एका बाजूला काकूंचे पापड वाळत होते आणि दुसऱ्या बाजूला हिरव्या अक्षरांचा काळा पडदा. नागपूरच्या भाच्याने नवा कॉम्प्युटर घेतला, म्हणून जुना मामांकडे रेल्वे पार्सलने पाठवून दिला होता. काकांनी पुस्तकं वाचून त्यावर स्वतः प्रोग्राम लिहिला. तारीख घाला, तिथी मिळेल. मी आजीची तारीख सांगितली. काकांनी ती घातली, थोडा वेळ मशीन घरघरलं, आणि पडद्यावर रोमन अक्षरांत मराठी प्रश्न आला: घरचा की गल्लीचा?

"सांग," काका म्हणाले.

मला काहीच कळेना. मी म्हणालो, "काका, आम्ही क्वार्टरमध्ये राहतो."

काका इतके हसले की काकू पापड सोडून बघायला आल्या. मग त्यांनी समजावलं. आपल्या मराठी लोकांचा महिना अमावास्येला संपतो, इथल्या लोकांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचं नाव एकच असतं. पण पौर्णिमा उलटली की गल्ली पुढच्या महिन्यात जाते आणि घर मागच्याच महिन्यात राहतं. रात्र तीच, चंद्र तोच, नाव वेगळं. "आई तुझी काय म्हणते? वद्य की बदी?" त्यांनी विचारलं. मी आठवून पाहिलं. घरी आई वद्य म्हणायची, नळावर शेजारणींशी बोलताना बदी. तसं सांगितलं तर काकांनी मान डोलावली. "मग घरचा," म्हणाले आणि एक आकडा दाबला. मला आठवतं, घरी परतताना मी आजीच्या तिथीपेक्षा त्या प्रश्नाचाच जास्त विचार करत होतो.

हा प्रश्न प्रोग्राममध्ये का आला, ते काकांनी पुढे सांगितलं. त्यांचे वडील कार्तिक वद्यात गेले. त्यांची आई जन्माने बनारसची. तिने पुण्याच्या थोरल्या मुलाला कळवलं, 'अगहन बदी', म्हणजे मार्गशीर्ष, गल्लीच्या हिशेबाने. पुण्याच्या मुलाने तो घरचा मार्गशीर्ष समजून सरळ एक महिना उशिरा श्राद्ध केलं. बरीच वर्षं असंच चाललं. इथे काका कार्तिक वद्यात पान वाढायचे, तिथे थोरले भाऊ महिन्याने. कळलं तेव्हा काकांना फार वाईट वाटलं, पण त्यांची आई म्हणाली, "दोनदा जेवले ते. तक्रार आली का कुठून?" काका हे सांगून हसायचे. तरी प्रोग्राम लिहायला बसले तेव्हा तारीख विचारणाऱ्या ओळीनंतर त्यांनी लगेच हीच ओळ लिहिली. बनारसच्या मराठी घरात ही चूक कुणाकडूनही होऊ शकते, असं ते म्हणत.

मी बी.एस्सी.ला होतो. कॉलेजात कॉम्प्युटरचा एक पेपर होता, पण मशीनला हात लावायला मी घाबरायचो. बिघडलं तर काय, ही भीती. काकांकडे ती भीती गेली. तिथे बिघडण्यासारखं आधीच बरंच बिघडलेलं होतं. घड्याळाची सोय त्या मशीनमध्ये नव्हतीच, त्यामुळे सुरू केलं की ते आधी आजची तारीख विचारायचं. काका रोज सकाळी चहाच्या आधी त्याला तारीख सांगायचे. "एवढ्या तिथ्या सांगतं, पण आज काय आहे ते त्याला आपणच सांगायचं," असं म्हणायचे. माकडांनी तारांवर उड्या मारल्या की वीज जायची, आणि वीज आली की ते पुन्हा तारीख विचारायचं. काकाही पुन्हा तितक्याच अगत्याने सांगायचे.

मग तो वर्ष बदलण्याचा प्रश्न आला. काकांचा प्रोग्राम सालाचे शेवटचे दोनच आकडे घ्यायचा. बासष्ट म्हटलं की एकोणीसशे बासष्ट. दोन हजार सालासाठी शून्य-शून्य घातलं, तर मशीन काकांच्या आजोबांच्या काळात जाऊन तिथी काढत होतं. शिवाय अधिक महिने कोणत्या साली कोणते, ते काकांनी हाताने भरले होते, आणि ते नव्व्याण्णवपर्यंतच. मी विचारलं, पुढचे का नाही भरले? काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तेव्हा वाटलं होतं, तोवर हे मशीन कुठलं टिकतंय… आणि मी तरी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण दोघंही आहोत, बघ. आता काय करायचं?"

ही त्यांची खरी काळजी होती. लोक तर येतच राहणार. पुढल्या वर्षी कोणी तारीख घेऊन आलं आणि मशीनने भलतंच सांगितलं, तर पुन्हा कुणाचं तरी पान चुकीच्या महिन्यात वाढलं जाणार.

ज्या कंपनीचं मशीन होतं तिचा माणूस एकदा येऊन गेला. तरुण, टाय लावलेला, जिने चढून घामाघूम झालेला. त्याने मशीनचं झाकणसुद्धा उघडलं नाही.

"चाचाजी, इसका सपोर्ट बंद हो गया. पार्ट्स नहीं आते. नया सिस्टम इस पर चलेगा नहीं."

"बंद हुआ? पर यह तो चल रहा है."

"चल रहा है, पर पुराना हो गया."

काकांना राग आला नाही. उलट खुर्ची पुढे ओढून त्यांनी विचारलं, "बेटा, यह बताओ, पुराना किस दिन हुआ? कोई तारीख होगी ना?" त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. माणूस गडबडला, म्हणाला तसं काही नसतं, कंपनी ठरवते. काकू आतून म्हणाल्या, "तारीख कळली तर तिथी काढून ठेवतील ते. तुम्ही चहा घ्या." त्यांनी मराठीतच सांगितलं, पण चहा एवढं त्याला कळलं.

त्याच माणसाच्या दुकानात आम्ही नंतर नवं मशीन पाहायला गेलो. त्यात तयार पंचांगही होतं, रंगीत, गणपतीच्या चित्रासकट. काकांनी आपल्या वडिलांची तारीख घातली. क्षणात उत्तर आलं: मार्गशीर्ष कृष्ण. काका पडद्याकडे बघत थांबून राहिले, मला वाटलं प्रभावित झाले. बाहेर आल्यावर म्हणाले, "याने विचारलंच नाही रे." मग घाटाच्या पायऱ्या चढताना दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाले, "नवं घ्यायला माझी ना नाही. पण आपला प्रश्न त्यात गेला पाहिजे."

आपला प्रश्न नव्या मशीनमध्ये नेणं मात्र सोपं नव्हतं. काकांच्या फ्लॉपी मोठ्या आणि लवचिक, कॉलेजातल्या नव्या कॉम्प्युटरच्या फटी लहान. जुनी फ्लॉपी तिथे शिरेचना. शेवटी काकांनी सगळा प्रोग्राम कागदावर छापला, त्या लांबलचक जोडकागदाची घडी मी कॉलेजात नेऊ लागलो आणि ओळीमागून ओळ टाइप करू लागलो. काय चुकलं ते रविवारी दुर्गाघाटावर तपासायचं. काकूंना इंग्रजी अक्षरं येत होती, म्हणून त्या चष्मा लावून वाचायच्या आणि मी ताडून बघायचो. एका रविवारी त्या मधेच थांबल्या. "हा गोटू कोण आहे? दर चार ओळींनी त्याला हाक मारताय." काकांनी सांगितलं, ती हाक नाही, अमुक ओळीवर जा असा हुकूम आहे. "मग एवढं फिरवता कशाला बिचाऱ्याला," काकू म्हणाल्या, आणि पुढे वाचू लागल्या. त्या दिवसापासून आम्ही सगळेच गोटू म्हणायला लागलो.

सालासाठी काकांनी चारही आकडे घ्यायचे ठरवले. मी म्हणालो, लोकांना सवय नाही. "होईल," ते म्हणाले. "गेलेल्या माणसासाठी दोन आकडे जास्त लिहिले तर काय बिघडतं?" अधिक महिने हाताने न भरता मशीननेच शोधावेत, हाही त्यांचाच आग्रह. ज्या चांद्रमासात सूर्य राशी बदलत नाही तो अधिक. ते गणित त्यांनी मला पुन्हा पुन्हा करून दाखवलं. मला ते हळूहळू समजलं… आणि समजलं तेव्हा त्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला.

शेवटची भेट याच वर्षी मे महिन्याच्या सुरुवातीची. दुसऱ्या दिवशी मी सुट्टीसाठी गावी निघणार होतो. त्याआधी त्यांना नव्या ओळी जुन्या मशीनवर चालवून बघायच्या होत्या. यंदा ज्येष्ठ अधिक, तो यायचा होता. हाताने भरलेले अधिक महिने आम्ही काढून टाकले आणि त्या महिन्याच्या उत्तरार्धातली एक तारीख घातली. मशीनने अधिक ज्येष्ठ स्वतः शोधून काढला! काकांनी टेबलावर थाप मारली. मग प्रश्न आला: घरचा की गल्लीचा? मी घरचा दाबलं. अधिक ज्येष्ठ कृष्ण. मग गल्लीचा दाबलं. पुन्हा अधिक ज्येष्ठ कृष्ण.

कृष्ण पक्षात दोन्ही उत्तरं सारखी येऊच शकत नव्हती. मी म्हणालो, "काका, माझ्याकडूनच काहीतरी चुकलंय. मी गावी जात नाही, आधी हे बघतो."

काका उठले. त्यांच्याकडे दोन पंचांगं असत, एक नागपूरहून येणारं, एक इथल्याच चौकातून घेतलेलं. दोन्हींत ते पान उघडून त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. दोन्हींत अधिक ज्येष्ठ कृष्ण. अधिक महिना दोन्हीकडे अमावास्येपासून अमावास्येपर्यंतच चालतो. एवढ्या वर्षांत हे काकांनी पंचांगात पाहिलं असणारच, पण मशीनने स्वतःहून सांगितल्यावर ते जणू पहिल्यांदाच कळलं, असा त्यांचा चेहरा झाला. "अहो, ऐकलंत का," त्यांनी काकूंना बोलावलं. "अधिकात घर आणि गल्ली एकच!"

"म्हणजे महिनाभर तरी वाद नाही म्हणायचा," काकू म्हणाल्या.

मी विचारलं, मग अधिक असला तर प्रश्न काढून टाकू का? काका विचारात पडले. अधिकात गेलेल्याचं श्राद्ध पुढच्या वर्षी त्याच नावाच्या साध्या महिन्यात करतात, आणि तिथे पुन्हा घर आणि गल्ली वेगळी होतात. "तू गावाहून ये," ते म्हणाले. "मग ठरवू. घाई नाही."

परवा दुर्गाघाटावर जाऊन आलो. मशीनवर काकूंनी शिवलेलं फुलाफुलांचं आच्छादन आहे. सकाळी त्या ते काढतात, मशीन सुरू करतात आणि चष्मा लावून त्याला आजची तारीख सांगतात. "विचारतं बिचारं," म्हणाल्या. "उत्तर नको का द्यायला?" मग पुन्हा बंद करतात. मी अधिकाच्या बाबतीतही प्रश्न तसाच ठेवला आहे. कॉलेजातल्या नव्या मशीनवरही तो आता येतो.

बातमी मला कशी कळली, ते सांगून थांबतो. गावी आमच्याकडे फोन नाही. जूनमध्ये एका दुपारी स्टेशनवरचा पोर्टर सायकलने आला, म्हणाला बनारसहून तुमचे वडील रेल्वेच्या फोनवर आहेत, लवकर चला. मी पोचलो तेव्हा लाइन खरखरत होती. वडील म्हणाले, "दिनकरकाका गेले रे… झोपेतच." मग त्यांनी तारीख सांगितली. फक्त इंग्रजी तारीख, आजीच्या वेळेसारखीच. म्हणाले, "काकूंना पंचांग बघून देणारे पुष्कळ आहेत. पण त्या म्हणाल्या, तिथी तूच सांगायची. काय सांगू त्यांना?"

समोर स्टेशन मास्तरांच्या भिंतीवर तिथ्या छापलेलं कॅलेंडर होतं. मी तारखेवर बोट ठेवलं.

"अधिक ज्येष्ठ वद्य सप्तमी आहे, सांगा," मी म्हणालो. "यंदा घरचा आणि गल्लीचा एकच. पुढच्या वर्षी मात्र विचारावं लागेल."