बेटावरचा ब्लॉग आणि साखरेची माळ

दुबईत असताना बेटांबद्दल लिहिणं हीच माझी नोकरी होती. एका रिअल इस्टेट कंपनीत मी ब्रोशर लिहायचे. समुद्रात भर घालून तयार होणाऱ्या, अजून अर्धी नकाशावरच असलेल्या बेटांवर सकाळ कशी उगवेल, बाल्कनीत उभं राहिलं की वारा कसा अंगावर येईल, हे मी एसीत बसून लिहीत असे, आणि चांगलं लिहीत असे. मग मंदी आली. आधी माझी नोकरी गेली, पाठोपाठ नवऱ्याची. तो एका बांधकाम कंपनीत मेकॅनिकल इंजिनिअर होता. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या बिल्डिंगखाली तेव्हा सतत कुणाचा तरी सोफा किंवा फ्रिज उभा असायचा, त्यावर ‘फॉर सेल’ असा कागद.

नवऱ्याच्या एका मित्राचं अबुधाबीजवळ मुसफ्फाला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. त्याने फोन केला. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका प्लँटवर माणूस हवा होता. फक्त तो प्लँट बेटावर होता. अबुधाबीच्या पश्चिमेला रुवैसच्याही पुढे जायचं, तिथून बोट.

सासूबाई फोनवर म्हणाल्या, “त्याला एकट्याला जाऊ दे. तू पोरीला घेऊन पुण्याला ये. सगळ्यांनीच बायकामुलांना परत पाठवलंय.”

“आई, ते बेट आहे, तुरुंग नाही,” मी म्हणाले. “तिथे घर आहे, शाळा आहे, दवाखाना आहे. आम्ही तिघंही जाणार.”

मला खरोखरच भीती वाटत नव्हती. इतकी वर्षं दुसऱ्यांना बेटं विकली, आता एक स्वतः बघू, असंच मनात होतं.

मुलगी तेव्हा दुसरीत होती. बोट धक्क्याला लागली, तिने रेलिंगवरून वाकून पाहिलं आणि विचारलं, “Aai, where are the coconut trees?” नारळ नव्हते. खजुरी होत्या, तपकिरी टेकड्या होत्या, पुठ्ठा खाणाऱ्या शेळ्या होत्या आणि फुटबॉलच्या मैदानावर आपल्याच मालकीची जागा असल्यासारखं उभं असलेलं एक हरिण होतं. मुलीने शेळ्या पाहिल्या, हरिण पाहिलं आणि म्हणाली, “Okay.” तिचा प्रश्न तिथेच मिटला.

पुण्याहून नणंदेची मेल आली. ‘अगदी मालदीवसारखं असेल ना गं?’ मी उत्तर लिहायला बसले आणि ते लांबतच गेलं. मग आईचा तोच प्रश्न, मैत्रिणींचा तोच प्रश्न. शेवटी मी ब्लॉग सुरू केला. पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं की कर्कवृत्त इथून फार लांब नाही, त्यामुळे भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे आम्ही उष्ण कटिबंधाच्या उंबऱ्यावर राहतो आणि ऑगस्टमध्ये उंबरा ओलांडून आत येतो. दाराबाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरते आणि काही क्षण माणूस आंधळा होतो. बोट आली नाही तर दही नाही, कोथिंबीर नाही. मासे मात्र असे, की किनाऱ्यावर राहणाऱ्यांनाही हेवा वाटावा. बेटाचं नाव मी ब्लॉगवर कधी घेतलं नाही, इथेही घेत नाही.

ब्रोशरमधला एकही शब्द मी त्यात येऊ दिला नाही. ‘निळाशार’ हा शब्द तर मी स्वतःवर बंदच करून टाकला होता. समुद्र कुठल्या दिवशी कसा दिसतो ते नीट बघायचं आणि तेच लिहायचं. माझं लेखन सुधारलं ते तिथे.

आधी नातेवाईक वाचत होते, मग अनोळखी लोक वाचू लागले. नायजेरिया, मस्कत, कोथरूड, कुठून कुठून कमेंट यायच्या. एक वाचक मात्र दर पोस्टखाली खोट काढायचा. आपलं नाव न लिहिता नुसतं ‘एक वाचक’ म्हणून सही करायचा. हमूर माशाच्या कालवणावर मी मोठ्या प्रेमाने लिहिलं, त्याखाली त्याने लिहिलं, ‘मंदीत लोकांचे संसार उठले आणि बाईसाहेबांना मासे सुचतायत.’

मी उत्तर दिलं, ‘आमच्याही दोन नोकऱ्या गेल्या. म्हणूनच हे मासे खातोय. तुम्ही या, तुम्हालाही वाढते.’

त्यावर तो गप्प झाला. पण वाचत राहिला, कारण पुढच्या महिन्यात माझी शुद्धलेखनाची चूक त्यानेच दाखवली.

आमच्या शेजारी एक म्हाताऱ्या अरब बाई राहायच्या. सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे, म्हणून मीही. त्यांना हिंदी येत होतं, जुनं, मोडकं, पण ठसक्याचं. पहिल्याच दिवशी त्यांनी खजुराचं ताट पाठवलं होतं आणि पाठोपाठ स्वतः येऊन विचारलं होतं, “तुम बंबई का?” त्यांचे वडील मोत्यांचे व्यापारी, मुंबईला जाऊन येऊन असत. मी खालांवर एक पोस्ट लिहिली. त्यांचा चेहऱ्यावरचा बुरखा, त्यांचा दल्ला, म्हणजे लांब चोचीची कॉफीची किटली, आणि त्यांच्या दाराचा फोटो. त्यांची नात अबुधाबीला कॉलेजात होती, तिने इंटरनेटवर आजीचं दार ओळखलं.

एका संध्याकाळी नात आमच्याकडे आली. “My grandmother is asking what you wrote about her.”

मी लॅपटॉप उचलला आणि तिच्यामागून गेले. काही वाईट लिहिलं नव्हतं, तेव्हा घाबरायचं काय? मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, घरातल्या सगळ्या बायका गाद्यांवर बसल्या होत्या. मी एकेक वाक्य मराठीतून हिंदीत सांगितलं, खालांनी ते अरबीत सांगितलं, आणि अरबीत ते मूळच्यापेक्षा बरंच लांब होत होतं. बायका हसत होत्या. वाचून झालं तेव्हा खाला म्हणाल्या, “खलास? इतनाच?”

“हो. म्हणजे, हां, इतनाच.”

“बंबई का नहीं लिखा.”

“आपने बताया ही नहीं, खाला.”

मग त्यांनी सांगितलं. सहा-सात वर्षांच्या असताना त्यांचे डोळे खूप दुखायला लागले होते. वडिलांनी त्यांना जहाजातून मुंबईला नेलं. एका चाळीत खोली घेतली. डॉक्टरने उपचार केले आणि दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली. वडील दिवसभर बाजारात. शेजारची एक बाई यायची, या लहानग्या मुलीला भरवायची, वेणी घालायची. तिची भाषा हिला कळत नव्हती, तिचा चेहरा हिने पाहिला नव्हता. फक्त हातातल्या बांगड्यांचा आवाज ओळखू यायचा. एके सकाळी खूप गडबड होती, फुलांचा वास होता. त्या बाईने हिच्या गळ्यात काहीतरी घातलं. हिने हात लावून पाहिलं. दोऱ्यात ओवलेल्या चपट्या, खडबडीत चकत्या. बाईने हिचा हात धरून त्यातली एक हिच्याच तोंडाशी नेली.

“मीठा हार,” खाला म्हणाल्या. “पूरा हार मीठा! मैं सब खा गई. बाद में पट्टी खुला, तब तक बाबा दूसरा जगह ले गया. वो औरत नहीं देखा, वो हार नहीं देखा. इधर सबको बोला, सब बोलते, बुढ्ढी झूठ बोलती. मिठाई का हार कौन पहनता?”

“गाठी!” मी इतक्या जोरात ओरडले की नात दचकली. “खाला, वो गाठी है! पाडव्याला... हमारा नया साल होता है, तब बच्चों को पहनाते हैं.”

खालांनी सुनांकडे वळून अरबीत काहीतरी सुनावलं. शब्द कळले नाहीत, पण ‘बघा, मी म्हणत नव्हते?’ हे कुठल्याही भाषेत कळतं.

त्या रात्री मी ते सगळं जसंच्या तसं लिहिलं आणि शेवटी विचारलं, पाडव्याला भारतातून इकडे कोण येतंय? एक गाठी हवी आहे. कमेंटचा पूर आला. कुणी म्हणालं, दुबईत करामाच्या भारतीय दुकानांत मिळेल, तिथे नव्हती मिळत. कुणी साखरेच्या पाकाची कृती पाठवली. मी करून पाहिली आणि पातेलं टाकून दिलं. मग एक मेल आली. ‘माझी बायको सांगलीहून पाठवतेय. मी मुसफ्फाला असतो. शुक्रवारी घेऊन येतो. एक वाचक.’

मी त्याला बेटाचं नाव आणि नवऱ्याचा नंबर कळवला. शुक्रवारी वारा सुटला आणि बोटी बंद झाल्या. तो माणूस पलीकडच्या धक्क्यावर गाडीत बसून राहिला. नवऱ्याने फोन करून सांगितलं, “अहो, परत जा, पुढच्या आठवड्यात बघू.” तर म्हणाला, “इथवर आलोय, थांबतो.” दुपारी उशिरा एक बोट सुटली. उतरला तो पन्नाशीचा, बारीक, इस्त्रीचा शर्ट घातलेला गृहस्थ, छातीशी खोका धरलेला.

“मीच तो, मासेवाला,” तो म्हणाला. मग म्हणाला, “तेव्हा माझी नोकरी गेली होती. बायको-मुलांना नुकतंच विमानात बसवलं होतं. तुमचं कालवण वाचलं आणि डोकं फिरलं.”

“आता आहे ना नोकरी?”

“आहे. लहानशी आहे, पण आहे. जूनमध्ये त्यांना परत आणतोय.”

“मग आधी खालांकडे जाऊ, मग जेवायला बसा,” मी म्हणाले. “हमूर तयार आहे.”

खालांना आम्ही काही कळवलं नव्हतं. त्यांना अंगणात बोलावून, खोका उघडून मी गाठी त्यांच्यासमोर धरली. शुभ्र, मधे एक मोठं पदक असलेली. त्यांनी ती हातात घेतली नाही. नुसत्या बघत राहिल्या.

“सफेद है?” त्या म्हणाल्या.

“हां, खाला.”

“मैं समझी लाल है. इतना साल लाल समझी.”

मग त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी एकेक चकती चाचपली, अगदी सावकाश, टोकापासून टोकापर्यंत. त्यांनी स्वतः ती गळ्यात घातली, एक चकती तोडली आणि खाल्ली. डोळे उघडले तेव्हा त्या हसत होत्या. “यही,” म्हणाल्या. मग आमच्या पाहुण्याकडे बघून, “तेरी बीवी को बोलो, अल्ला उसको बहुत दे.”

तो मान खाली घालून म्हणाला, “बोलता हूं, अम्मा.” लगेच बाजूला जाऊन त्याने सांगलीला फोन लावला आणि बायकोला सगळं पहिल्यापासून सांगू लागला. त्याला जेवायला बोलावायला मुलीला दोनदा जावं लागलं.

त्या पोस्टवर सगळ्यात जास्त कमेंट आल्या. काहींना वाटलं, आता त्या शेजारणीचा शोध लागेल. लागला नाही, आणि लागणारही नव्हता. खालांकडे ना रस्त्याचं नाव होतं ना चाळीचं. त्यांना त्याचं विशेष काही वाटलं नाही. घरात आता त्यांना कुणी खोटं म्हणत नव्हतं, तेवढं त्यांना पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या माझ्या दारात उभ्या होत्या, हातात वाफाळता दल्ला. “यल्ला, मशीन खोल,” त्या म्हणाल्या. “अब मेरी बहन का लिख. वो मेरे से ज्यादा तेज थी.”

मी मशीन उघडली. बहिणीची गोष्ट तीन पोस्टमध्येही संपली नाही.