पाचच्या बोटीसाठी एक वाजता

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. चार तास आधी धक्क्यावर पोचून बोट चुकवणारा माणूस कधी पाहिलाय? नाही ना? मग इकडे बघा, तोच चहा पितोय.

आमचे अप्पा तीस वर्षं बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात होते. रिटायर झाल्यावर मी विचारलं, "अप्पा, काय पाहिजे?"

"काही नको रे. एकदा बोटीतून सूर्य समुद्रात बुडताना बघायचाय. आजवर तो कारखान्याच्या पत्र्यामागेच गेला."

एवढंच! मी कारवारचं बुकिंग केलं. मुक्काम एकच दिवस, बोट संध्याकाळी पाचला, लॉजपासून धक्का तीन किलोमीटर.

आता सांगा, बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये राहणारा माणूस 'तीन किलोमीटर' ऐकून काय करेल? मी मोबाइल फुल चार्ज केला, अप्पांना दोनदा बाथरूमला पाठवलं आणि एक वाजता निघालो. जेवण? अडकलो की बिस्किटं खाऊ!

रिक्षावाला म्हणाला, "पाचची बोट ना? मग आत्ता कुठे?"

"अण्णा, चला हो. सिग्नल लागतील."

"कुठला सिग्नल?"

मी डोळे मिटले. सवय हो! पाच वर्षं ऑफिसच्या कॅबने व्हाइटफील्डच्या टेक पार्कला जातोय. गाडी रेंगाळली की मी झोपतो. पण इथे डोळे मिटतायत तोवर "उतरा!"

एक वाजून सहा मिनिटं.

धक्क्यावर एक कुत्रं आणि जाळं शिवत बसलेली एक अक्का. तिने आम्हाला निरखलं. "या उन्हात कुठे? घरात भांडण झालं काय?"

मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "यांना सुनेनं हाकललं."

माझं लग्नच झालेलं नाही! पण तोंड गप्प बसेल तर शपथ.

अक्काने कपाळावर हात मारला, आम्हाला घरी नेलं आणि बांगड्याची आमटी, भात वाढला. मी तीनदा भात घेतला. मग धक्क्यावर परत. नारळाची सावली, वारा... मी अप्पांना म्हणालो, "साडेचारला उठवा." अप्पा म्हणाले, "सरी, उठवतो."

उठलो तेव्हा पाच वीस; शेजारी अप्पाही घोरत होते. बोट पार लांब, चिंचोक्याएवढी.

"अप्पा, बोट गेली!"

"हं. थट्टा पुरे," म्हणत अप्पांनी केस विंचरले आणि समुद्राकडे तोंड करून ताठ बसले. गेल्याच महिन्यात मी त्यांना आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टसाठी टोकन आणायला पाठवलं होतं. कोण विश्वास ठेवणार?

मी धावत अक्काकडे गेलो. "अक्का, बोट चुकली. आणि... सून वगैरे काही नाही. खोटं बोललो."

"माहीत आहे. तू हात धुवायला गेलास तेव्हाच बाबांनी सांगितलं."

"तरी जेवायला घातलंत?"

"भूक तर खरी होती ना?" आणि आत बघून ओरडली, "अहो, होडी काढा! बाबांना सूर्य दाखवायचाय!"

तिच्या नवऱ्याने, अण्णांनी, हातातला चहा तसाच ठेवला आणि आम्हाला होडीत बसवलं. पैसे घ्यायला तयारच नाहीत! असं कोण करतं हो आजकाल?

बंदराच्या तोंडाशी बघतो तर मासेमारी करून परतणाऱ्या बोटींची ही गर्दी! पुढे बोट, मागे बोट, सगळ्यांचे भोंगे चालू. अप्पांचा चेहरा खुलला. "अरे, हा तर आपला रिंग रोड!"

आमचं इंजिन जागच्या जागी घुरघुरत राहिलं. मी जरासा मागे टेकलो. जरासाच.

डोळे उघडले तर होडी धक्क्याला लागलेली, माझ्या अंगावर अण्णांचा टॉवेल, आकाशात चांदणी. अप्पा एकटेच हसत होते.

"झाला? बुडाला? अप्पा, मला उठवलं का नाही?"

"उठवलं की! दोनदा हलवलं."

"मग?"

"तू म्हणालास, 'अण्णा, टेक पार्क आलं की सांगा.'"